वरचा सा

वहिनींचा डावा हात पेटीच्या भात्यावरून सुटून वर उभा राहायचा, उजव्या हाताचं बोट जिथे असेल त्या पट्टीवर रोवलेलं आणि चष्मा पुस्तकात घुसलेला. "होल्ड करा."

एवढं म्हटलं की आमचं अख्खं भजनी मंडळ जागच्या जागी थांबत असे. बुवांचा जबडा उघडाच. टाळकऱ्यांचे टाळ एकमेकांपासून वीतभर लांब. पखवाजवाला तेवढ्यात नाक पुसून घेई. भात्यात उरलेली हवा संपेपर्यंत पेटी बारीक होत होत गप्प व्हायची. मग पुस्तकातली हरवलेली ओळ सापडायची, मान हलायची, हात भात्यावर परत यायचा. "हं, बोला." की भजन पुढे सुरू. देवळातला राम तेवढा वेळ काय करत असेल, असा प्रश्न मला नेहमी पडे. तोही होल्डवर असणार.

मी त्यांना वहिनी म्हणत असे. त्यांचे यजमान माझे शाळेतले मित्र, माझ्याहून दोन वर्गांनी पुढे, म्हणून त्या वहिनी आणि मी भाऊजी. नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते नाव इथे नव्हे, दुसरीकडे एका ठिकाणी यायला हवं होतं, आणि माझ्यामुळे तिथे आलं नाही. बरीच वर्षं ही गोष्ट दाढेत अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखी सलते आहे. सत्तरी कधीच ओलांडली. आता ती काढून टाकायची म्हणून लिहायला बसलो आहे. पण आधी वहिनी कशा होत्या ते सांगतो, कारण ते सांगण्यात मजा आहे.

मुरूडच्या अलीकडे आमचं गाव. समुद्र, मग सुरूची रांग, मग नारळीपोफळीच्या वाड्या, मग घरं. वहिनी मुरूडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मोबाइल यायच्या आधी या पट्ट्यातला प्रत्येक फोन त्यांच्या कानावरून जाई. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा मुंबईत नोकरीला लागला असं सांगतो पण लागलेला नाही, कुणाच्या वाडीवरून भावाभावांत जुंपली, सगळं त्यांना ठाऊक. आणि एक शब्द कधी बाहेर आला नाही. लोक त्यांना भीत नसत, पण रस्त्यात भेटल्या की उगाच जास्त नम्र होत.

निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा नेरुळला. एका दुपारी मी ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलो होतो, तर त्या समोर येऊन उभ्या.

"भाऊजी, मला पेटी शिकायची आहे."

"चांगलं आहे. आधी टाळ धरा."

"टाळ नको. पेटी. आणि वाचून."

"वाचून म्हणजे?"

"पुस्तकात स्वर लिहिलेले असतात ना, सा रे ग म? ते बघायचे आणि वाजवायचे."

"वहिनी, पेटी कानाने शिकतात."

"कानाचं नाव काढू नका. नोकरीभर कानाला यंत्र लावून बसले. या कानांनी इतकं खोटं ऐकलंय की आता त्यांच्यावर विश्वास नाही. डोळ्यांना काम द्यायचंय."

आतून आमची ही म्हणाली, "शिकवा की! नाहीतरी दुपारभर घोरताच. तेवढंच सुरात होईल."

आता इथेच खरी गोम आहे. मंडळात पेटी वाजवणारा मी एकटा. आणि मला स्वरलेखन वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही.

माझे वडील, अण्णा, वाचून वाजवत. गावच्या उत्सवातल्या नाटकांना त्यांची साथ असे. त्यांनी मला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण पुस्तक उघडलं की मी खडकांत कालवं काढायला पळत असे. पुढे कानाने शिकलो आणि अण्णांनंतर त्यांच्या जागी बसलो. त्यांचं ते जाड पुस्तक मात्र मी पेटीवर समोर उभं ठेवायचो. पुस्तक समोर असलं की माणूस अभ्यासू दिसतो. भजनात अधूनमधून पान उलटायचो. त्या निमित्ताने दम खाता येई, आणि एखादा सूर चुकलाच तर लोक म्हणत, पुस्तकात तसंच असेल.

हे सगळं वहिनींना सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी पुस्तक आणून त्यांच्या हातात दिलं आणि गंभीरपणे म्हणालो, "पहिली काही पानं नीट वाचून या. मग बघू."

पहिल्या पानांवर चिन्हांचा खुलासा होता. वहिनींनी तो खात्याचं परिपत्रक वाचावं तसा वाचला. दुसऱ्या दिवशी आल्या आणि धडाधड म्हणाल्या, "अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. अक्षराच्या पायाशी टिंब म्हणजे खालच्या सप्तकातला स्वर, डोक्यावर टिंब म्हणजे वरच्या. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो. त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की चूक असणं शक्यच नव्हतं.

अशी आमची शिकवणी सुरू झाली. त्या वाचायच्या, वाजवायच्या, आणि मी "वा" म्हणायचो. गावात मी त्यांचा गुरू झालो.

वहिनी एका बोटाने वाजवत. मी म्हणायचो, "देवाने पाच दिली आहेत." त्या म्हणायच्या, "डायल एकानेच फिरवतात, भाऊजी." पुढे पाची बोटं आली, पण प्रत्येक बोट एक्स्चेंजच्या बोर्डात पिन खुपसावी तसं सरळ आणि जोरात खाली येई. पेटीची एखादी पट्टी दमट हवेने अडकली की म्हणत, "ग एंगेज आहे. थोड्या वेळाने लावते." सूर बरोबर लागला की "मिळाली लाइन!" दुपारी अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या असत, राखणीला वहिनी पेटी घेऊन बसत. त्या सुरावटींनी कावळे यायचे बंद झाले. आमची ही म्हणे, यांना एखाद्या फणसाखाली बसवा, माकडंही जातील.

एकदा पेटीचे सूर, म्हणजे आतल्या धातूच्या जिभल्या, खाऱ्या वाऱ्याने इतके गंजले की दुरुस्तीला श्रीवर्धनकडे न्यावी लागली. आगरदांड्याहून दिघीला बोटीत बसलो, गाड्या नेणारी ती सपाट बोट. जाताना ठीक गेलो. येताना पेटी दुरुस्त झालेली, आणि वहिनींना घर येईपर्यंत धीर कुठला? डेकवर एक पर्यटक कुटुंब आपल्या गाडीशेजारी उभं होतं. वहिनी त्या गृहस्थांना म्हणाल्या, "तुमच्या बॉनेटवर ठेवू का हो? ओरखडा नाही पडणार, खाली शाल घालते."

तो बिचारा "हो हो, आजी" म्हणाला. शाल आली, शालीवर पेटी, पेटीवर पुस्तक. वारा पानं उलटायला लागला तसं त्या गृहस्थांच्या बायकोला पुस्तक धरायला उभं केलं. खाडी संपत आली, बोट धक्क्याला लागली, पुढची फळी खाली पडली, मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले. वहिनींची ओळ अर्धी राहिली होती. त्यांनी डावा हात वर केला. "होल्ड करा!"

आणि खरं सांगतो, सगळे थांबले. बोटीवरचा खलाशीही दोर हातात धरून उभा राहिला. वहिनींनी ओळ सावकाश पुरी केली, पेटी मिटली, शालीची घडी घातली, आणि बॉनेटवरून हात फिरवून बघितला. "बघा, एक ओरखडा नाही."

त्या पुस्तकात रामाचं एक पद होतं. आमच्या मंडळात ते कुणी कधी गायलं नव्हतं, मीही ऐकलं नव्हतं. वहिनींनी ते नेटाने बसवलं. मार्चच्या उकाड्यात रोज तेच. रामनवमीला बुवा म्हणाले, "बसू दे वैनींना पेटीवर एका पदापुरतं. हौस हाय त्यांची." मी उठून शेजारी बसलो. चाळीसेक वर्षांची जागा, उठताना जड गेलं हेही लिहून ठेवतो.

पद साधंच होतं. ओळ पंचमावरून उतरत यायची, प म ग रे, आणि आता घरी सा वर येऊन टेकणार असं वाटत असतानाच वहिनींचं बोट खाली न येता एकदम वरच्या सा वर गेलं. घाट उतरून आलेल्या माणसाने घराच्या दारातून आत न शिरता समोरच्या माडावर चढावं, तसं.

बुवा गाता गाता थांबले. "आवो, ह्ये वर कुठं गेलं?"

"पुस्तकात आहे," वहिनी म्हणाल्या.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. "काय वो?"

"पुस्तकात असेल तर बरोबरच," मी म्हणालो.

बुवा एस.टी.त चालक होते. वळण दिसलं की घाबरायचं नाही ही त्यांची सवय. पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला, दुसऱ्यांदा निसटला, तिसऱ्यांदा नेमका वर जाऊन बसला आणि सभामंडपातल्या खांबापलीकडच्या बायकाही त्यांच्यामागून वर गेल्या. वरचा सा आणि खालचा सा म्हणजे एकाच घराचे दोन मजले. बेसूर काहीच नव्हतं. पण त्या उडीने काय झालं कोण जाणे, सगळ्यांचे चेहरे उजळले. लोकांनी पद पुन्हा म्हणायला लावलं. पुढे ते पद झाल्याशिवाय आमच्याकडे भजन उठेना. वाडीत सुपारी निवडायला बसलेल्या बायकासुद्धा गुणगुणताना त्या जागी मान वर करत.

मग अलिबागची भजनस्पर्धा आली. आमच्या मंडळाने तेच पद म्हटलं. परीक्षकांत एक वयस्क गवई होते. पद संपल्यावर त्यांनी माइक मागून घेतला.

"हे पद मी लहानपणी शिकलोय," ते म्हणाले. "तिथे ओळीच्या शेवटी खाली उतरायचं असतं. तुम्ही वर गेलात. फार छान केलंत. ही कल्पना कुणाची?"

माइक फिरत माझ्या हातात आला, कारण पेटीचा गुरू मी. खाली उतरायचं असतं म्हणजे वहिनी चुकत होत्या, आणि चुकत होत्या म्हणजे त्यांचा गुरू त्यांना ती चूक सांगू शकला नव्हता. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून गेलं, "आमच्या वडिलांची. अण्णांची चाल आहे ती. परंपरेने आमच्याकडे अशीच."

टाळ्या पडल्या. दुसरा क्रमांक मिळाला. मंडळाने हौसेने देवळाच्या भिंतीवर पाटी लावली: पद अमुक, पारंपरिक चाल, आणि खाली अण्णांचं नाव.

परतीच्या टेम्पोत वहिनी माझ्या समोर बसल्या होत्या, पेटी मांडीवर. रेवदंड्याचा पूल ओलांडला. मग म्हणाल्या, "अण्णांची चाल? कधी बोलला नाहीत."

"विसरलो होतो."

"हं."

ऑपरेटरचा "हं" होता तो. लाइनवर कोण खरं बोलतंय ते ओळखणारा.

पंधरवड्याने त्या ओटीवर आल्या. हातात दोन पुस्तकं. एक अण्णांचं, एक त्याचीच नवी प्रत, मुलाकडून मागवलेली. दोन्ही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि एकाच जागेवर बोट टेकवलं. नव्या पुस्तकात नुसता सा. अण्णांच्या पुस्तकात सा च्या डोक्यावर टिंब.

"हे काय आहे, भाऊजी?"

"टिंब."

"बुरशी आहे."

कोकणातल्या पुस्तकांचं मी तुम्हांला काय सांगू? पावसाळ्यात इथे चपलांना दाढी येते. अण्णांच्या पुस्तकाने किती पावसाळे खाल्ले होते. जागोजाग ठिपके होते, ते वहिनींनी सुरुवातीलाच खोडरबराने पुसून काढले होते. पण हा एक इतका वाटोळा, इतका काळा आणि इतका नेमका सा च्या डोक्यावर बसलेला, की छापखान्यातल्या माणसालाही असा बसवता आला नसता.

"मी नवशिकी, मला कळलं नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्हांला कसं कळलं नाही?"

मी सुपारी शोधायला लागलो. पानाचा डबा उघडला, मिटला.

"भाऊजी, तुम्हांला वाचता येत नाही."

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी मान खाली घातली. वर पाहिलं तर वहिनी पदर तोंडावर धरून हलत होत्या. मला वाटलं रडतायत. रडतच होत्या, पण हसून हसून.

"म्हणजे... म्हणजे बुरशीला दुसरं बक्षीस मिळालं! आणि अण्णांचं नाव तिला!"

मलाही हसू फुटलं. आमची ही आतून चहा घेऊन आली तर दोन म्हातारी माणसं खांबाला टेकून पोट धरतायत. तिला वाटलं कुणी भांग दिली.

हसणं ओसरल्यावर मी म्हणालो, "वहिनी, कुणाला सांगू नका."

"मी आजवर कुणाचं काय सांगितलंय? सांगायचं तुम्ही. कधी सांगणार?"

"सांगेन."

"सांगा सावकाश. पण एक अट. वाचायला शिकायचं. उद्यापासून, दुपारी."

तर, गावात ज्याला सगळे त्यांचा गुरू म्हणत, तो सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांच्यासमोर पाटी घेऊन बसला. माझी अडचण उलटी. डोळ्याने अक्षर गाठायच्या आत कान पुढे पळे. एक स्वर वाचला की पुढचे तीन मी अंदाजाने वाजवायचो. वहिनी पुस्तकावर पोस्टकार्ड धरून बसत आणि एकेक स्वर उघडा करत. चुकलो की, "राँग नंबर!" पुन्हा चुकलो की, "राँग नंबर, ठेवा खाली!" आमच्या ओटीसमोरून जाणारे लोक म्हणत, बघा, काका वहिनींकडून कशी घोटून तयारी करून घेतायत.

पण एक दिवस असा आला की अण्णांच्या पुस्तकातली एक चाल, जी मी आयुष्यात ऐकली नव्हती, माझ्या बोटांनी वाचली. कुणी गाऊन दाखवलेली नाही, कुणी वाजवून दाखवलेली नाही. कागदावरून सरळ खोलीत आली. अण्णांनी ती कधीतरी याच ओटीवर वाजवली असेल, तेव्हा मी खडकांत कालवं काढत असेन. मी वाजवायचा थांबलो. वहिनींनी पोस्टकार्ड बाजूला ठेवलं आणि बाहेर वाडीकडे बघत बसल्या. त्यांनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

एकदा मी विचारलं, "आता खरी चाल ठाऊक झाली. रामनवमीला खाली उतरायचं का?"

त्यांनी नव्या पुस्तकातून पद शुद्ध वाजवून दाखवलं. प म ग रे सा. आम्ही दोघांनी ऐकलं.

"बरं आहे," मी म्हणालो.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण उठून जावंसं वाटतं. दुसऱ्यात बसून राहावंसं वाटतं."

मग मंडळात उडी तशीच राहिली. दर रामनवमीला पेटी मिटताना त्या मला हळूच विचारत, "सांगितलंत?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." त्या हसायच्या. पाटीखालून जाताना एकदा म्हणाल्या, "अण्णांचं अक्षर चांगलं रंगवलंय हो." तेवढंच. पण मला कळत होतं की साठीनंतर शिकून एका बाईने गावाला एक जागा दिली होती, जी सगळं गाव गात होतं, आणि तिच्या नावाचा तिथे ठिपकाही नव्हता.

गेल्या मार्गशीर्षात वहिनी गेल्या. नेरुळला मुलाकडे तपासणीसाठी म्हणून गेल्या होत्या, तिथेच. देवळात शोकसभा झाली. भाषणं झाली. एकाने सांगितलं, काकांनी त्यांना हात धरून शिकवलं. दुसऱ्याने सांगितलं, अण्णांची परंपरा बाईंनी निष्ठेने सांभाळली. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठायला दोनदा गुडघ्यावर हात ठेवला. उठलो नाही.

आता या वर्षीची गोष्ट. बुवांची सून प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिने ठरवलं की मंडळाच्या पदांचं रेकॉर्डिंग करून इंटरनेटवर घालायचं. एका रविवारी सकाळी देवळात सगळे जमलो. पंखे बंद केले, कुणीतरी कोंबडे हाकलले. पेटीवर अर्थात मी. सुनेने मोबाइल तिकाटण्यावर बसवला आणि कागदावरून वाचायला लागली, "यानंतर आमच्या गावाचं खास पद. पारंपरिक चाल..." आणि अण्णांचं नाव.

"थांब, बाळ," मी म्हणालो. "ते नाव चुकीचं आहे."

मग सगळं सांगितलं. पुस्तक, बुरशी, अलिबागचा माइक, मला वाचता येत नव्हतं ते, मला कुणी शिकवलं ते. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा फारच कमी वेळ लागला. इतक्या छोट्या गोष्टीला मी एवढी वर्षं उचलून धरलं होतं.

पहिला आवाज बुवांचा. "म्हंजे आपण आजवर बुरशी गात व्हतो व्हय?" आणि मांडीवर थाप मारून असे हसले की पखवाजही घुमला. बायकांकडून एक म्हणाली, "काका, तुमी लय बेरकी हाव." दुसरी म्हणाली, "पान उलटायचं तेव्हाच मला वाटलेलं." मंडळी हसत होती, पण कुणी ते हसण्यावारी नेलं नाही. एकदोघांनी नजर वळवली. ते त्यांनी करायलाच हवं होतं.

सून पेन काढून म्हणाली, "मग चाल कुणाची म्हणून वाचू?"

मी वहिनींचं पूर्ण नाव सांगितलं. तिने लिहिलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

तेवढ्यात आमचे खजिनदार पुढे सरकले. बँकेतून निवृत्त, टाळ उत्तम वाजवतात, आणि चूक सहन होत नाही. "असं कसं?" ते म्हणाले. "चूक म्हणजे चाल नव्हे. हे जगभर जाणार. खरी चाल छापलेली आहे ना? मग तीच गा. म्हणजे कुणाच्या नावाचा प्रश्नच नाही."

"वैनींचं नाव गेलं की मग," बुवा म्हणाले.

"नावाशी माझं वैर नाही, बुवा. मलाही त्या बहिणीसारख्या. पण शुद्ध ते शुद्ध."

दोन्हीकडून बोलणं झालं. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला म्हणायचं होतं की वर जाऊ द्या. पण जो माणूस आत्ताच स्वतःचं खोटं कबूल करून बसलाय, त्याने चुकीची बाजू कुठल्या तोंडाने घ्यायची? मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसं वाजवतो. एकदा गाऊन बघा." वहिनींची नवी प्रत माझ्याजवळ होती. ती पेटीवर लावली. या वेळी खरंच वाचायला.

सुनेने कागदावरचं नाव खोडलं नाही, पेन नुसतं त्यावर धरून ठेवलं. बुवांनी सूर घेतला. पद सुरू झालं. पहिली ओळ संपत आली. मी पुस्तकाकडे बघत होतो. प, म, ग, रे, आणि माझं बोट नियमाप्रमाणे खालच्या सा वर येऊन टेकलं.

पेटी एकटीच खाली आली. बुवा वर गेले होते. खांबापलीकडच्या बायका वर गेल्या होत्या. पखवाजवाला, जो कधी गात नाही, तोही. मी खजिनदारांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, टाळ छातीशी, हनुवटी छताकडे, आणि गळ्याच्या शिरा फुगवून तेही वरच्या सा वर पोचलेले. ऐकायला काहीच बिघडलं नव्हतं. खाली मी, वर सगळं गाव.

दुसरी ओळ आली. मी पुस्तक मिटलं आणि बोट वर नेलं.